धवल्यातली रिकामी जागा

प्रिय दादा,

परवा माझी हळद आहे. तुझं वर्षश्राद्ध झाल्याशिवाय लग्नाला उभी राहणार नाही म्हटलं होतं, तसंच केलं. तुला आमंत्रण म्हणून लिहायला बसणार होते. पण काल तुझ्या कॉम्प्युटरमधून आईचा आवाज निघाला, आणि आता हे पत्र तुझ्याशी भांडायला लिहितेय.

आठवतं? आपली आई गावची धवलारीण. इथपासून शहाडपर्यंत आगऱ्यांच्या घरी हळद लागली की नवरीचं नाव घालून धवला गाणार तीच. तू टेपरेकॉर्डर पुढे ठेवलास तेव्हा केवढी बिचकली होती! "नवरी नाय त धवला कोनाचा गाऊ?" तू माझ्याकडे बोट दाखवलंस. "बारकीचा गा. कधीतरी लागंलच." मी तेव्हा नववीत. लाजून आत पळाले, पण दाराआडून सगळं ऐकलं.

मग आई गेली. तू कॉम्प्युटर आणलास, कॅसेट त्यात उतरवलीस, आणि त्याच कॅसेटवर मित्राच्या लग्नातली बेंजोपार्टी भरलीस! मी ओरडले तर म्हणालास, "अगं, कॅसेट झिजते, हे नाही झिजत."

झिजत नाही? तू असतानाच ती हार्ड डिस्क कटकट वाजायला लागली होती. ठाण्याच्या ऑफिसात सगळ्यांना दोन-दोन प्रती ठेवायला सांगत फिरायचास. लोका सांगे ब्रह्मज्ञान! घरी मी विचारलं की, "चालतंय ना? मग कशाला हात लावतेस?" काविळीबद्दलही हेच म्हणालास. डोळे पिवळेजर्द दिसत होते रे तुझे!

वर त्यात ते तुझं लिनक्स, आणि पासवर्ड घरात एकालाही सांगितलेला नाही. डोंबिवलीतल्या दुकानदाराने काळ्या पडद्यावरची अक्षरं बघूनच हात वर केले. "फॉर्मॅट मारून देतो," म्हणाला. शेवटी वर्तकनगरहून तुझा मित्र उदय स्वतःची चांगली डिस्क घेऊन आला.

तुझी डिस्क तापली की बंद पडायची. म्हणून उदयने ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवली. बाबांनी दार उघडून विचारलं, "ह्यो काय ठेवलाय कोलंबीशेजारी?"

मी म्हटलं, "आई."

बाबा ओट्यावर जाऊन बसले.

मग उदयने तुकड्या-तुकड्याने सगळी डिस्क दुसरीवर उतरवायला घेतली. मला समजावलं, "जिथे वाचता येणार नाही तिथे थांबू नको, रिकामी जागा सोड आणि पुढे जा, असं कॉम्प्युटरला सांगितलंय." तू गेल्यापासून आमच्या घरातही तेच चाललंय.

आणि निघाला रे आवाज! गळा तोच, दम घ्यायची जागासुद्धा तीच. पण मधेच आई गप्प. पुन्हा गाते, पुन्हा गप्प. नवरीचं नाव येतं त्या ओळीला तर नेमकं काहीच नाही. आणि शेवटी तुझा आवाज, स्वच्छ, एका अक्षरालाही धक्का न लागलेला: "झाला, आये. आता तुजा आवाज कुठं जात नाय."

तेवढं बरं वाचलं! मला आईसाठी रडायचं होतं, आणि रडले ती तुझ्या रागाने. कशाला पुसलीस रे ती कॅसेट? एक कॅसेट घरात जड झाली होती?

परवा मांडवात आईचाच धवला लावणार आहे. ती गप्प होईल तिथे मंदाआत्या आणि बायका गातील, माझं नाव त्या घेतील. शेवटचं तुझं वाक्य कापू का, असं उदयने विचारलं. मी नको म्हटलं. भरल्या मांडवात ऐकू दे सगळ्यांना.

आणि एक वचन देते. मंदाआत्याकडे बसून हा धवला पुरता शिकेन. मला मुलगी झाली तर तो तिच्या गळ्यात घालीन, कुठल्या डब्यात ठेवणार नाही. तुला मात्र अजून माफ केलेलं नाही.

तुझी बारकी,
म्हणजे सुगंधा. आईने गायलेलं नाव ते हे.