म्हाताऱ्याविरुद्ध माझा हात

ती. दादास धाकट्याचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवतो. आईला तसं सांग.

वर्कशॉपमध्ये जेवताना कुणाची गाणी लावायची, ते हात वर करून ठरतं. काल तुझ्या लाडक्या ब्रिटिश रॉकवाल्या म्हाताऱ्यावरून आम्हा चाहत्यांतच जुंपली.

"आवाज फाटलाय, गप्प बसावं त्यानं," फोरमन म्हणाला.

"फाटलाय म्हणूनच काळजाला भिडतो!" रंगारी भडकला.

मतं सारखी पडली, माझंच राहिलं होतं. फोरमनकडे बघून मी म्हाताऱ्याविरुद्ध हात वर केला.

त्याची गाणी मी आधी तुझ्याच गळ्यातून ऐकली, दादा. कालपासून घास उतरत नाही.

वहिनी म्हणते, घशाच्या ऑपरेशननंतर तू गातच नाहीस. रविवारी फोनवर एक कडवं म्हण ना. फाटू दे आवाज.

तुझाच,
छोटू