अडीच सूत

८ ऑक्टोबर, रविवार

तुटला! हातात पान्हा, पान्ह्यात नट, नटात अर्धा स्टड — आणि उरलेला अर्धा इंजिनात. कट् असा आवाज झाला.

सायलेन्सरचा पाईप इंजिनाच्या हेडला लागतो तिथं दोन स्टड, म्हणजे बिनडोक्याचे आटेवाले बोल्ट, असतात. डावा आधीच तुटलेला, हेडच्या अगदी बरोबरीनं. नऊ वर्षांपूर्वी तो तुटला म्हणूनच मोटरसायकल गावी, पिशोरच्या गोठ्यात जाऊन पडली. उजवा आज मी तोडला. शाब्बास मंजुषा! टेम्पोत घालून गाडी इथं बजाजनगरला, घरी आणून दोन दिवस नाही झाले.

बाबा ओट्यावर पेपर वाचत होते. मान वर न करता — "मोडली?" मी म्हटलं, गाडी नाही, स्टड. "एकच झालं."

अट लिहून ठेवते, मागाहून फिरवाफिरवी नको. बाबा मागच्या आठवड्यात सत्यमला फोनवर सांगत होते, गाडी पोराचीच, तुला नको असंल तर दसरा झाला की भंगारवाल्याला बोलवतो. सत्यम पुण्यात, त्याला कशाला हवी बत्तीस वर्षांची गाडी! मी मध्येच म्हटलं, मला द्या. बाबा हसले. मी हसले नाही. मग म्हणाले, "खंडेनवमीच्या पूजेला चालू करून दाखव. झाली तर तुझ्या नावावर. नाय झाली तर भंगार."

खंडेनवमी २३ तारखेला. पंधरा दिवस!

मला ती गाडी हवीच आहे. अठ्ठावीस वर्षांची झाले, या घरातली एक वस्तू माझ्या नावावर नाही. शाळेची सायकलसुद्धा सत्यमची उतरलेली.

९ ऑक्टोबर

गंज सुटावा म्हणून दोन्ही तुकड्यांवर डिझेल सोडलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. वाट बघणं हे माझं काम नाही, पण बघतेय.

११ ऑक्टोबर, बुधवार

डब्याच्या सुट्टीत कंपनीच्या टूलरूममध्ये गेले. गोकुळदादांना फोटो दाखवला. तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, फोटोसुद्धा चष्मा वर करून डोळ्याशी नेऊन बघतो. मी म्हटलं, भोक पाडून इझी-आउट, तो उलट्या आट्यांचा खिळा, लावते आणि उलटा फिरवून काढते. त्यांनी कानाला हात लावला. "तो इझी-आउट आत तुटला ना बाई, तर ड्रिलचा बाप आला तरी त्याला भोक पडायचं नाय." मग काय करू? "तुकड्यावर नट वेल्ड कर. वेल्ड अ‍ॅल्युमिनियमला धरत नाय, नुसत्या लोखंडाला धरतो. हेडला काय व्हायचं नाय. अन् उष्णतेनं जाम सुटतो."

एका दगडात दोन पक्षी! आता रविवारची वाट. परत वाट!!

१५ ऑक्टोबर, रविवार. घटस्थापना

निघाले! दोन्ही निघाले!!

आई घट बसवत होती, मी गाडी ढकलत होते. रांजणगाव फाट्यापर्यंत. घामानं चिंब. वेल्डिंगवाल्या चाचांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बेटा, ये तेरे से भी बडी है." मी म्हटलं, चार वर्षांनी. खूप हसले.

डावा आधी घेतला, तो जास्त हट्टी. तुटक्या तोंडावर वेल्डचा थेंब, त्यावर थेंब, जरा वर आल्यावर त्यावर नट. पहिला नट निघून आला. दुसरा पण. तिसरा धरला, पान्हा लावला — तोही आला हातात. मी देवीला नवस बोलणार इतक्यात चौथा बसला, लालबुंद. "गरम में ही घुमा! ठंडा हुआ तो गया!" मी पान्हा धरला. आधी पुढं जरासा, मग मागं, परत पुढं, परत मागं... आणि किर्र् करून हलला! माझ्या हातात हलला! त्यानंतर तो असा फिरत आला जणू काही झालंच नव्हतं.

उजव्याचा चार-पाच मिलिमीटर बाहेर होता, एका दमात आला.

चाचांनी चहा पाजला. दोन्ही तुकडे कागदाच्या पुडीत बांधून घरी आणले. आई म्हणाली, हे काय, प्रसाद? मी म्हटलं, व्हय!

१७ ऑक्टोबर

आठ एमएमचे दोन नवे स्टड आणले. डावा नुसत्या बोटांनी आत गेला. उजवा दोन आटे गेला आणि थांबला. काढला, तेल लावलं. दोन आटे, थांबला. भोक साफ केलं. दोन आटे, थांबला!

आतले आटे खराब झाले असणार. उद्या आटे पाडायचा आठचा टॅप आणते आणि सरळ घुसवते. आता कुणाचं ऐकायचं नाही.

१८ ऑक्टोबर, बुधवार

ऐकलं ते बरं झालं!

टूलरूममध्ये टॅप मागायला गेले. गोकुळदादा म्हणाले, आधी जुना स्टड दाखव. पुडी डब्याच्या पिशवीतच होती. त्यांनी आटे मोजायची पट्टी लावली. बसेना. दुसरं पान लावलं. बसेना. मग कपाटातून एक जुनाट, काळी पडलेली पट्टी काढली. त्यातलं एक पान चपखल बसलं.

"ही एमएमची भानगडच नाय. ही सुतातली हाय. अडीच सूत."

मी आधी हसले. मग तोंड पडलं. इंचाचे आठ भाग केले की एक सूत, हे शाळेत असल्यापासून गवंडी-सुतारांच्या तोंडून ऐकलंय. अडीच सूत आणि आठ एमएम अंगानं जवळजवळ सारखेच, डोळ्याला कळतसुद्धा नाही. पण आटे वेगळे. एकाचा नट दुसऱ्यावर दोन आटे चढतो आणि अडकून बसतो. अडीच सुताच्या स्टडवर कुणीतरी आठचा नट दामटला होता. म्हणून तर त्या दिवशी तो सुटायच्या ऐवजी स्टडच तुटला!

मी दिवसभर क्वालिटीला बसून मायक्रॉन मोजते. दुसऱ्यांचे नग "नापास" म्हणून लाल डब्यात टाकते. आणि आपल्या हातातला स्टड मोजला नाही. आज टॅप फिरवला असता तर उरलेले आटे चाटून-पुसून गेले असते. लाज वाटली. पण खरं सांगू, लाजेपेक्षा आनंद जास्त झाला — सापडलं ना!

"हा पाण्याच्या इंजिनाचा स्टड," गोकुळदादा म्हणाले. "डिझेल इंजिन, विहिरीवरचं. मोटरसायकलला कोण बसवंल हा?"

तेच तर!

१९ ऑक्टोबर

बाबांना विचारलं. भडकले. "माझ्या गाडीला असलं काय लावू देईन का मी? कुण्या अडाण्याचं काम असंल."

आई भगरीचं पातेलं घेऊन आत आली. "अडीच सुताचा ना? मी बसवला."

बाबांचा घास हातातच राहिला. माझा पण.

शहाण्णवची गोष्ट. मी पाळण्यात. बाबांना कंपनीनं पंधरा दिवस पुण्याला ट्रेनिंगला पाठवलेलं, गाडी पिशोरला. सायलेन्सर सुटून लोंबायला लागला. विहिरीवर कारभारीकाका इंजिन खोलून बसले होते. गावातलं एकूण एक इंजिन त्यांच्याच हातचं. आईनं त्यांना स्टड मागितला. "आठचा नव्हता त्याच्याकडं. म्हनला, वैनी, हा अडीच सुताचा, अंगानं तेवढाच हाय. घट्ट गेला, पन गेला." आणि आवळला कुणी? "मीच. त्याचा हात पोळला होता. नट बी अडीच सुताचाच लावला व्हता मी. आठचा नाय."

बाबा खाली बघून भगर कालवायला लागले. मग हळूच — "मधी एकदा नट पडला होता. मी आठचा बसवला. लई जोर लागला होता खरं."

मी एवढी हसले की ठसका लागला. आईचा स्टड अठरा वर्षं गाडी ओढत राहिला, आणि अडाण्याचं काम निघालं बाबांचं!

मग माझ्या डोक्यात आलं. बाबा पुण्याला होते तर गाडी चालवत कोण होतं? उभ्या गाडीचा सायलेन्सर कसा सुटेल?

आईला विचारलं. "भगर गार व्हायली. जेवा."

२० ऑक्टोबर, शुक्रवार

गोकुळदादा म्हणाले, भोक मोठं करून त्यात तारेच्या स्प्रिंगसारखे नवे आटे बसव, काम कायमचं होईल. बरोबरच आहे. पण हेडच्या मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये स्टड घुसवून आईनं पाडलेले आटे अजून शाबूत आहेत. मी ते खरवडून टाकू? नाही. जमणार नाही माझ्याच्यानं.

शिफ्ट सुटल्यावर सरळ मोंढ्यात गेले, पंपाच्या सामानाच्या दुकानात. अडीच सुताचा स्टड आणि नट द्या. "कोणता पंप, ताई?" मोटरसायकल. दुकानदारानं मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाला, "विहिरीवर चालवता का?"

घरी येऊन कपडेसुद्धा न बदलता बसवला. गेला! एक आटा, दोन, तीन, चार... तिसऱ्या आट्याला मी श्वास धरला होता. शेवटपर्यंत गेला! आई शेजारी उभी होती. बोटानं स्टड हलवून बघितला आणि म्हणाली, "बरा बसलाय." पाच वर्षं नोकरी करतेय, अशी शाबासकी अजून कुणी दिली नाही.

२२ ऑक्टोबर, रविवार

काय लिहू!

सायलेन्सरचं गॅस्केट आणायला तासभर बाहेर गेले. आले तर बाबा गाडीपाशी बसलेले, पान्ह्याला हातभर पाईप अडकवून उजवा नट फिरवतायत. कोणता नट? आठचा!! अडीच सुताचा नट वर्तमानपत्रावर तसाच पडलेला!

"मला दोन्ही नट सारखेच दिसले. चढत नव्हता, म्हनून पाईप लावला."

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर इतक्या मोठ्यानं. तुम्हाला गाडी भंगारातच घालायचीय, एकदाचं तसं सांगा ना! शेजारच्या खिडकीत दोन डोकी आली. बाबा पाईप हातात धरून उभे राहिले.

आई बाहेर आली. खाली वाकून बघितलं. "तुटला का?" नाही. "मग वरडू नको. काप."

नट उभा कापला, लहान करवतीनं, अर्धा तास. स्टडला पातं लागू नये म्हणून केसभर राखून. वरून छिन्नीचा एक ठोका — नट दुभंगला! स्टडचे टोकाचे दोन आटे चेमटले होते, ते कापून कानस मारली. उरलेला पुरतो. अडीच सुताचा नट घातला. सुरसुर चढला. देवा!!

सगळा वेळ बाबा बॅटरी धरून होते, उजेड जरासुद्धा हलू दिला नाही. शेवटी म्हणाले, "मुद्दाम नाय केलं गं. म्हनलं तेवढीच तुला मदत." मला इतकं वाईट वाटलं. मी उगाच बोलले ते. नऊ वर्षांत त्यांनी पहिल्यांदा या गाडीला हात लावला होता, आणि तो माझ्यासाठी.

२३ ऑक्टोबर, सोमवार. खंडेनवमी

सुरू झाली! सुरू झाली!! सुरू झाली!!!

पाटावर पान्हे, छिन्नी, आईची विळी, बाबांचा गावाकडचा कोयता, माझं मोजमापाचं व्हर्नियर. सगळ्यांना हळदकुंकू. आईनं उजव्या नटाला कुंकवाचं बोट लावलं. पूजेचंही झालं आणि ओळखायची खूणही.

नवा प्लग, ताजं पेट्रोल. मग किक. एक, दोन, तीन. काही नाही. चौथीला नुसती खोकली. बाबा नारळ हातात घेऊन ताटकळलेले. सातवीला पाय घसरला, नडगी सोलली. आठवीला — धडधडधड! एवढा धूर की घट दिसेना! सायलेन्सरपाशी हात नेला, कुठंही फुसफुस नाही, दोन्ही बाजूंनी घट्ट. समोरच्या काकू टाळ्या वाजवायला लागल्या. मी रडत होते आणि हसत होते, नाक कशानं पुसलं माहीत नाही, तोंडभर काळं.

बाबांनी नारळ फोडला. "शब्द म्हंजी शब्द. उद्या पेटीतून कागदं काढतो. तुझ्या नावावर."

माझ्या नावावर! परत एकदा लिहिते. माझ्या नावावर.

२४ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

बाबांनी पेटीतून गाडीचं पुस्तक काढलं. मी फॉर्म भरायला बसले. मालकाचं नाव बघायला पुस्तक उघडलं — शाईनं लिहिलेलं, स्वच्छ — आशाबाई भ्र. त्रिंबक. आई!

मी बाबांकडे पाहिलं. "लग्नात तिच्या बापानं तिच्याच नावावर घेतली होती. मी... लक्षातच नाय राहिलं गं." बत्तीस वर्षं!

फॉर्म आणि पेन आईपुढं ठेवलं. तिनं हात पुसले. सगळा फॉर्म सावकाश वाचला. पेनाला टोपण लावलं.

"मी कुठं म्हनले देते म्हनून?"

पदर खोचला, अंगणात गेली. दुसऱ्या किकला गाडी सुरू. मला म्हणाली, "चल. मागं बस."