सुमन नावाचा रुपया

शनिवार, डोंबिवली

आत्ताच फोन ठेवला. शहाडच्या त्या माणसाचा होता. मागे त्याच्याकडून मी चांदीचा जुना रुपया घेतलेला, माझ्या संग्रहासाठी. एक बाजू घासून त्यावर कुणीतरी हाताने ‘सुमन’ कोरलेलं, वर साखळीची कडी.

“ताई, परत द्याल का? बाबांनी लग्नात आईला दिलेला. मला माहीतच नव्हतं. आई गेल्यापासून ते रोज तोच शोधतायत.”

आणि सासूबाईंचं नावही सुमनच! टेबलावर रुपया दिसला, तेव्हा त्यांना वाटलं मी त्यांच्यासाठीच करून आणला. “घरातल्या भांड्यांवरसुद्धा ह्यांचंच नाव गं. माझं कुणी कधी घातलं नाही,” म्हणत रडल्या. कोणत्या तोंडाने खरं सांगणार होते?

त्याला म्हटलं, “उद्या कळवते.” बाहेर आले, तर सासूबाई शेजारच्या काकूंना गळ्यातला रुपया दाखवत होत्या. त्या ‘सुमन’वरून बोट फिरवत मला म्हणाल्या, “मी गेले ना, तरी हा काढू नका हं माझ्या गळ्यातून.”

मी हो म्हणाले.