उष्टं पाणी

आबा, तुमच्यावर चिडून लिहितेय, हे आधीच सांगते. तुम्ही गेल्यापासून लोक तुमचं चांगलंच बोलत आले आणि मीही मान डोलवत आले. आता बास.

शेलारच्या रस्त्याला ज्या डाईंगमध्ये तुम्ही मास्टर होतात, तिथलाच सांडपाण्याचा प्लांट मी सांभाळते. रंगाचं काळंनिळं पाणी साफ करून पुन्हा कापडाच्या धुलाईला द्यायचं, हे माझं काम. पाणी स्वच्छ निघतं, पण धुलाईला कोणी घेत नाही, कारण तुमचा शब्द. मी शाळेत असताना तुमचा डबा घेऊन आले होते तो दिवस आठवतो. तुम्ही भर शिफ्टमध्ये तुमच्या हाताखालच्या माणसाला झापताय. एका कापडाच्या धुलाईचं पाणी त्यानं दुसऱ्याला वापरलंय. "उष्ट्या पान्यात कापड न्हाय धुवायचा. स्वतःच्या ताटातला उष्टा दुसऱ्याला वाढशील काय?" सगळे खाली मान घालून उभे. मला मात्र तुमचा केवढा अभिमान वाटला होता.

आई तांदूळ धुतलेलं पाणी अळवाला घालायची, त्याला तुम्ही कधी उष्टं म्हणाला नाहीत. पुढे त्याच अळूचं फदफदं दोनदा मागून घ्यायचात. मग कारखान्यातच कुठून आलं हे सोवळं? प्रत्येक धुलाईला बोरिंगचं ताजं पाणी उपसलंत, ते जमिनीतून येतं आणि जमीन आपल्याच गावाला लागून आहे, एवढंही तुमच्या डोक्यात आलं नाही? आता शिमग्याआधीच आपल्या विहिरीचा तळ दिसतो. गुडघे धरून आई टँकरपाशी हंडा घेऊन उभी राहते. ती तुम्हाला बोल लावत नाही, म्हणून मी लावते.

तुम्ही झापलेला तो माणूस आज मास्टर आहे. समजावून थकले, तेव्हा त्याला न सांगता मी त्याच्या टाकीत माझं पाणी सोडलं. आठवडाभर त्यानं गडद शेड काढले, एकही डाग नाही. मग जेवणाच्या सुट्टीत खरं सांगितलं. तो खूश होईल असं मला वाटलं होतं, एवढी मी मूर्ख. त्यानं डबा बंद केला.

"ताई, आबांनी माझा हात धरून शिकवला. मेलेल्या मानसाला खोटा पाडता काय?"

मी म्हटलं, आबा चुकले होते. दुपारी त्यानं माझा पाइप काढून बोरिंग पुन्हा चालू केलं आणि अख्खी शिफ्ट त्याच्या बाजूनं उभी राहिली. तुम्ही असतात तर तुमच्याशी भांडून तरी घेतलं असतं. मेलेल्याशी कसं भांडायचं?

हे कागद फाडून टाकीन, आईच्या हाती लागायला नकोत. पण त्याआधी एक कबूल करते, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही. नमुना भरताना माझ्या प्लांटचं पाणी हाताला लागतं. तपासणी मीच केलेली असते, त्यात काही नाही हे मला पक्कं ठाऊक असतं. तरी कोणी बघत नाही ना ते पाहून मी रोज बोरिंगच्या नळाखाली हात धुऊन येते.