गालातला तुकडा

४ मे १९३३
अक्काच्या डाव्या गालातली जखम तशीच. शिमग्यापासून लपवली होती, "मिश्रीनं सोललंय गो" म्हणत. आज डॉक्टरांनी चिमट्याने तुकडा ओढून घेतला. घरी आल्यावर म्हणाली, "यमे, भात मऊ कर आज."
तुकडा मुंबईला तपासायला गेला. कॅन्सर ठरला तर तिकडे नेऊन ऑपरेशन. ठरल्याशिवाय कोणी जबड्याला हात लावणार नाही.

१३ मे
मुंबईचं उत्तर इंग्रजीत. डॉ.नी मलाच वाचायला दिलं. तुकडा चेंगरलेला, तोही जखमेच्या मधला, मेलेला. काही सांगता येत नाही.
डॉ. म्हणाले, "चिमटा नको होता. आता सुरीने घेतो, कडेचा, थोडं चांगलं मांस धरून."
कॉन्व्हेंटातल्या शिवणाच्या सिस्टर आठवल्या. बोथट कातरीने कापड चावलं की फेकून द्यायच्या. आई गेल्यावर अक्कानेच हट्टाने मला तिथे धाडलं. सुट्टी संपली की पोह्यांचे लाडू बांधून द्यायची. तिला स्वतःला अक्षर येत नाही. आजचा कागद हातात उलटा धरून बसली होती.

१७ मे
दुसरा तुकडा. सुरीने, मग टाका. तांदळाएवढा, शाबूत. डॉ. खूश: "हा बोलेल." स्पिरिटच्या बाटलीत घालून दिला. उद्या शेजारचे बापू आगबोटीने मुंबईला नेतील.
अक्काने बूच काढून हुंगलं. "दारूत बुडवलंस होय गो मला?"
"औषध आहे ते."
"हो, कळतो मला वास."
हसलो दोघी. तिला हसताना दुखलं.

१८ मे
बापू सकाळी गेले. समुद्राला आत्तापासूनच उधाण, आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात सगळे भिजले म्हणे. बाटली फडक्यात बांधून दिली होती.

२७ मे
मुंबईहून उत्तर: तुकडा कुजला. बाटलीत स्पिरिट नव्हतं, नुसतं पाणी. डॉ. चिडले. "तुमच्या त्या बापूंनी सांडलं असणार!" अक्का खाली मान घालून बसलेली.
घरी आल्यावर म्हणाली, "बापूला बोल लावू नकोस. दारू मी ओतून टाकली. गंगाजल घातलं. ते नासत नाही ना कधी."
आमच्या वडिलांनी, दादांनी काशीहून आणलेली देव्हाऱ्यातली गडवी. शेवटच्या घटकेला तुळशीपानाबरोबर तोंडात घालायची म्हणून इतकी वर्षं तिने कोणाला हात लावू दिला नाही.
"सगळं?"
"मग? बाटली भरायला नको?"
चूल पेटवायला गेले, तिथेच रडले.

३ जून
आगबोटी बंद झाल्या. आता टपाल मोटारीने घाटावरून. जबड्याखाली गाठ हाताला लागते. डॉक्टरांची बोटं तिथेच थांबली. "पुन्हा एकदा घ्यावा लागेल. लवकर. पण त्या तयार हव्यात."
अक्का खिडकीबाहेर बघत राहिली.

५ जून
जेवण आता पेजेवर आलंय. तीही अर्धी वाटी.
सकाळी गडवी चिंचेने घासून परत देव्हाऱ्यात ठेवली. रिकामीच. अक्का बघत होती.
"आता माझ्या तोंडात काय घालशील गो?"
"आधी डॉक्टरांची सुरी," म्हटलं.
गाल धरून हसली. हो म्हणाली नाही.
डॉक्टरांकडे जायला उद्याची गाडी मात्र सांगून ठेवली आहे.