तिसऱ्या रांगेतला अण्णा

बंगळूर, १२ जानेवारी

ती. अण्णास,
जलजाचा सा. न. वि. वि.

न भेटताच गाडी गाठलीस. वहिनीच्या तांदळाच्या पुंड्या तेवढ्या ठेवून गेलास, त्या मैत्रिणींनी फस्त केल्या.

अण्णा, मला भयंकर राग आलाय. अरे, तो प्रयोग होता! जुनं घ्यावं, मोडावं, नवं करावं, पवित्र असं काही नसतं, हेच या नाचाच्या शाळेत शिकतो आम्ही. अंगात आल्याची ती थरथर मी आरशासमोर बसवली होती. आणि तू भर सभागृहात तिसऱ्या रांगेत चपला काढून हात जोडून उभा! लोकांना वाटलं, तूही नाचातलाच. केवढ्या टाळ्या पडल्या. बाबांच्या मागे आपल्या पंजुर्ली दैवाचे घग्गर तूच पायात बांधतोस ना? मग खरं-खोटं तुला कळू नये?

सर मात्र खूश आहेत. पुढच्या वेळी ये आणि अगदी तसाच उभा राहा, म्हणतात.

रागापेक्षा लोभ जास्त आहे, तो तसाच राहू दे.

जलजा


बेळ्तंगडी, २० जानेवारी

चि. जलजास, अ. आ.

सरांना सांग, मला जमायचं नाही. तुझ्या अंगात बाबांचे खांदे हलताना दिसले आणि मी कधी उठलो ते मलाच कळलं नाही. आपल्यात बाईच्या अंगात दैव येत नाही, हेही विसरलो. वाटलं, दैवाची मर्जी.

आईला काही सांगितलेलं नाही. वहिनी विचारते, दैवाच्या उत्सवाला, भूतकोल्याला येणार, की आम्हालाही मोडून नवं करणार?

माया असू दे.

अण्णा


बंगळूर, ११ फेब्रुवारी

ती. अण्णास, सा. न.

दुसरा प्रयोग झाला. सरांनी तुझ्या जागी एक नट उभा केला. त्यानं चपलासुद्धा काढल्या. टाळ्या पडल्या आणि मी नमस्काराला न थांबता आत निघून गेले.

मोडण्यात धीटपणा आहे, असं मी मानत होते. पण पडदा उघडण्याआधी सर आपल्या कुलदेवाला नारळ फोडतात. तो नारळ कधी आमच्या नाचात येत नाही. मोडायला बरं आमचंच दैव सापडतं! शाळा सोडून देऊ का? त्या थरथरीत खरं काही असतं का रे? तूच सांग. तू तरी खोटा नाहीस.

उत्तराची वाट पाहते.

जलजा


बेळ्तंगडी, २ मार्च

चि. जलजास, अ. आ.

शाळेचं काय ते तूच ठरव. सल्ला देण्याचा अधिकार मला उरलेला नाही.

काल आपला कोला झाला. उपास धरला, तेल लावून न्हालो, घग्गर बांधले. आई नेहमीसारखी दैवाचं गाणं गायली. दैव आलंच नाही. माझ्या कानात तुझ्या त्या टाळ्याच वाजत होत्या. सगळा गाव हात जोडून उभा होता. शेवटी मी तू केलीस तशी थरथर केली, खांदे तुझ्यासारखे हलवले. कुणालाही कळलं नाही. लोकांनी आपली भांडणं पुढे ठेवली, मी निवाडेही दिले.

मग आईनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि विचारलं, माझी जलजा घरी कधी येईल? मी दैवाच्या आवाजात सांगितलं, या महिन्यात येईल.

ये. तेवढं तरी खरं होऊ दे.

अण्णा