कार्बनचा पाचवा हात

मंगळवार, संध्याकाळ

पान छापायला सोडायची वेळ झाली आणि आमच्या दैनिकाचं मुलांचं पान लावणारी सुनंदा माझ्या विज्ञानलेखातल्या रेणूच्या चित्रापाशी थांबली. "सर, कार्बनले चारच हात राहते म्हणून तुम्हीच लिवलं होतं ना? मंग याईले पाच-पाच काहून?"

"वेळ नाही, सोड."

"सोडते. उद्या शाळेतले पोट्टे मोजतीन, मंग तुम्हीच सांगजा त्याईले."

मोजले. पाच! दोन कार्बनमधला दुहेरी बंध दाखवायला मी एक रेघ वाढवली आणि दोघांचा एकेक हायड्रोजन काढायचा विसरलो. इतकी वर्षं लिहून ही चूक? तिने दोन्ही हायड्रोजन पुसले.

सुनंदा दहावीपुढे शिकलेली नाही. हे लक्षात कसं राहिलं, विचारलं तर म्हणाली, "लावता लावता वाचते ना. निस्तं चिकटवते का मी?"

पाचवा हात माझाच, लाज वाटायला हवी. पण मघापासून छाती फुगलेली आहे. माझं लिहिणं शेजारच्या खुर्चीपर्यंत पोचलं होतं, मलाच ठाऊक नव्हतं.

चित्राखाली 'तपासणी : सुनंदा' असं टाकूनच पान सोडलं. तेही ती पुसायला निघाली होती. माऊस मी धरून ठेवला.